घरी गिटार रेकॉर्ड करायला स्वस्त माइक घेताय? या चुका टाळा

अकूस्टिक गिटारसाठी महागडा माइक लागतोच असं नाही. मात्र ही गिटार, विशेषतः बोटांनी वाजवलेली, तशी हळू आवाजाची असते. माइक निवडताना हीच गोष्ट विसरली जाते आणि पुढच्या बऱ्याचशा तक्रारी तिथूनच सुरू होतात.

स्टेजवर चालतो म्हणून घरीही चालेल, असं समजणं

शूअर एसएम५७ हा डायनॅमिक (वेगळी वीज न लागणारा) माइक १९६५पासून बाजारात आहे. दणकट आहे, गिटार अँपसमोर उत्तम चालतो. पण त्याचा सिग्नल साध्या कंडेन्सरपेक्षा (म्हणजे वीज लागणाऱ्या, जास्त संवेदनशील माइकपेक्षा) सुमारे १८ ते २० डेसिबलने कमी येतो. हळुवार वाजवलेल्या गिटारसाठी मग इंटरफेसचा (माइक लॅपटॉपला जोडणाऱ्या डबीचा) गेन, म्हणजे सिग्नल वाढवणारं बटण, जवळजवळ टोकाला न्यावा लागतो आणि स्वस्त इंटरफेसची खरखर सुरांच्या बरोबरीने वर येते. जोरात स्ट्रमिंग करणाऱ्याचं यावर भागेल. बोटांनी वाजवणाऱ्याने कंडेन्सरच घ्यावा. त्याला ४८ व्होल्टची फॅन्टम पॉवर (माइकच्या केबलमधूनच येणारी वीज) लागते, म्हणून आपला इंटरफेस ती देतो का, हे आधी बघा.

सेल्फ नॉईजचा आकडा न वाचणं

खरेदी करताना सगळे फ्रिक्वेन्सीचा आलेख बघतात. २० ते २०,००० हर्ट्झ तर जवळपास प्रत्येक खोक्यावर छापलेलं असतं, त्यावरून फारसं काही ठरत नाही. मी आधी सेल्फ नॉईज बघतो, म्हणजे माइकची स्वतःची सूं सूं. ऑडिओ-टेक्निका एटी२०२० चा हा आकडा २० डेसिबल आहे, तर रोड एनटी१ चा ५ च्याही खाली. स्ट्रमिंगमध्ये हा फरक कळणार नाही. एकेक सूर विरत जाणाऱ्या संथ रचनेत मात्र सूर संपता संपता मागची सूं सूं उघडी पडते. ज्या माइकच्या माहितीत हा आकडाच दिलेला नाही, तो मी तरी घेणार नाही.

माइकचं तोंड चुकीच्या बाजूला

मोठ्या डायफ्रॅमचे (आवाजाने थरथरणाऱ्या पडद्याचे) बहुतेक माइक बाजूने ऐकतात, टोकाने नाही. पेन्सिलसारखे बारीक माइक टोकाने ऐकतात. माझा पहिला मोठा कंडेन्सर मी टोक गिटारकडे करून लावला होता. आवाज बोदा आणि लांबून आल्यासारखा यायचा. माइक खराब निघाला असं वाटून मी तो परत करायला निघालो होतो. मग तो उभा करून पुढची बाजू गिटारकडे वळवली आणि तारांची चमक लगेच परत आली.

साउंड होलसमोर माइक

आवाज भोकातून येतो, मग माइकही तिथेच, असं वाटणं स्वाभाविक आहे. पण गिटारच्या पोटातली हवा साधारण १०० हर्ट्झच्या आसपास घुमते आणि ते घुमणं तिथेच सर्वांत जास्त असतं. सहाव्या तारेवरचा तिसऱ्या फ्रेटचा जी ९८ हर्ट्झचा. म्हणून जी कॉर्डला खर्ज एकदम फुगतो आणि डी कॉर्ड त्यापुढे बारीक वाटते. त्यात कार्डिऑइड (मुख्यतः समोरून ऐकणारा) माइक जितका जवळ, तितका तो खर्ज आणखी वाढवतो.

माइक बाराव्या फ्रेटसमोर, २० ते ३० सेंटिमीटरवर ठेवा आणि किंचित भोकाकडे वळवा. हेडफोन लावून जी आणि डी आलटून पालटून वाजवा. जी अजून फुगत असेल तर माइक मानेकडे चार बोटं सरकवा. आवाज कोरडा, नुसता तारांचा वाटला तर तेवढाच मागे, ब्रिजच्या दिशेने आणा. या चार बोटांनी जो फरक पडतो, तो ईक्यू (खर्ज आणि वरचे सूर कमीजास्त करायची सोय) फिरवून मिळत नाही. दुसरा माइक विकत घेण्याआधी एक अख्खी संध्याकाळ यासाठी द्या, अगदी मनापासून सांगतो.

खोली ऐकू येते

उघड्या भिंतीला चिकटून बसू नका, समोर मोकळं टेबलही नको. परतून येणारा आवाज थेट आवाजात मिसळला की काही सूर पोकळ होतात. कपड्यांनी भरलेलं उघडं कपाट, गादी, जाड रजई यांचा उपयोग होतो. अंड्याचे ट्रे लावू नका, खर्जावर त्यांचा काहीच परिणाम होत नाही. पंखा बंद करा.

तरीही काही बिघडलं तर

माइक अगदीच मुका असेल तर फॅन्टमचं बटण बघा. लॅपटॉपचा चार्जर काढल्यावर गुणगुण थांबली तर दोष विजेच्या जोडणीत आहे, माइकमध्ये नाही. जोराच्या स्ट्रोकला आवाज फाटत असेल तर गेन कमी करा. २४ बिटवर रेकॉर्ड करत असाल तर सर्वांत मोठा आवाज मीटरवर उणे १२ डेसिबलपर्यंत आला तरी पुष्कळ झालं. दोन माइक लावल्यावर गिटार एका माइकपेक्षाही बारीक वाटली तर दोन्ही ट्रॅक मोनोमध्ये (एकाच चॅनेलवर एकत्र) ऐका आणि एकाचा फेज (ध्वनिलहरीची वर-खाली दिशा) उलटा करून बघा. खर्ज परत आला, तर तो तसाच उलटा राहू द्या.