पीएलटी फाईल प्रिंटरवर नेण्याआधीची तयारी

पेनड्राइव्हवर पीएलटी फाईल, म्हणजे पेनाने नकाशे काढणाऱ्या प्लॉटर यंत्रासाठीची फाईल, आली की ती लगेच उघडू नका. आधी आणणाऱ्याला तीन गोष्टी विचारून कागदावर टिपून घ्या: मूळ कागद कुठल्या मापाचा होता, किती पेनं वापरली होती नि कशा जाडीची, आणि चित्रातली एखादी पक्की माहीत असलेली लांबी किती. जुन्या एचपीजीएल (एचपी कंपनीची प्लॉटरची भाषा) फाईलमध्ये यातलं बहुतेक काही लिहिलेलंच नसतं. ती म्हणजे प्लॉटरच्या हाताला दिलेले हुकूम: एक नंबरचं पेन घे, अमुक ठिकाणी जा, टेकव, तमुक ठिकाणापर्यंत ओढ. रेघ किती जाड येणार, हे धारकात कुणी कुठलं पेन खोचलं होतं त्यावर ठरायचं. पोस्टस्क्रिप्ट (छापायच्या पानाचं वर्णन करणारी भाषा) किंवा पीडीएफमध्ये मात्र पानाचा आकार, रेघेची जाडी, रंग, फाँट हे सगळं फाईलमध्येच असावं लागतं. ही रिकामी जागा तुम्ही भरली नाही तर प्रोग्राम आपल्या मनाने भरतो, आणि चूक कळते ती कागद हातात आल्यावर.

सांगली भागात ही अडचण साधारण तीन ठिकाणांहून येते. कुपवाड एमआयडीसीतली पॅटर्नची जुनी ड्रॉइंगं, आर्किटेक्टांचे ए१ नकाशे, आणि उलट्या दिशेने, म्हणजे पीडीएफवरून कटिंग प्लॉटरकडे (पेनाऐवजी सुरी असलेल्या) जाणारे हळदीच्या पोत्यांवरचे मार्के. पुढची तयारी ही तीन कामं डोळ्यांसमोर ठेवून आहे.

सगळ्यात आधी माप. एचपीजीएलचं एकक ०.०२५ मिमी, म्हणजे मिलिमीटरला ४० आणि इंचाला १०१६. पोस्टस्क्रिप्टचा पॉइंट इंचाला ७२. म्हणून प्लॉटरच्या आकड्याला ०.०७०८६६ ने गुणलं की पॉइंट मिळतात. हा गुणक भिंतीवर चिकटवून ठेवावा. बिघाडाचं कारणही आकड्यावरूनच ओळखता येतं: चित्र १४ पट मोठं आलं तर प्लॉटरचं एकक पॉइंट म्हणून वाचलं गेलंय, २५.४ पटींचा घोळ असेल तर मिलिमीटर आणि इंच यांची अदलाबदल झालीय. १०० मिमीच्या जागी ९५-९७ मिमी भरलं तर प्रिंटच्या खिडकीत ‘पानात बसवा’ हा पर्याय चालू राहिलाय. शेवटची चूक सगळ्यात जास्त वेळा होते आणि सगळ्यात उशिरा सापडते, कारण चित्र दिसायला अगदी बरोबर असतं.

चाचणीसाठी एक छोटी फाईल कायम तयार ठेवा. नोटपॅडमध्ये आयएन, एसपी १, पीयू ०,० आणि मग पीडीपुढे ४०००,० – ४०००,४००० – ०,४००० – ०,० असे चार कोपरे, प्रत्येक हुकमानंतर अर्धविराम. सगळं इंग्रजी अक्षरांत आणि आकड्यांत: IN;SP1;PU0,0;PD4000,0,4000,4000,0,4000,0,0; हा १०० मिमीचा चौकोन झाला. रूपांतरानंतर तो २८३.४६ पॉइंटचा यायला हवा. खऱ्या मापावर छापून स्टीलच्या पट्टीने आडवा आणि उभा, दोन्हीकडून मोजा. एकाच बाजूला अर्धा मिमी कमी-जास्त भरलं तर दोष फाईलचा नाही. कागद पुढे सरकण्यात नाहीतर कागदाच्या ओलाव्यात आहे. पावसाळ्यात उघडा राहिलेला कागद फुगतो, म्हणून पॅटर्नच्या कामाला रोल प्लॅस्टिकमधून आयत्या वेळीच काढावा.

मापाच्या पाठोपाठ आरंभबिंदू. एचपी ७४७५ए सारख्या टेबलावरच्या प्लॉटरचा शून्यबिंदू कागदाच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात असे. ७५८५ सारख्या मोठ्या यंत्रांचा कागदाच्या मध्यभागी. मधला शून्य धरून बनलेली फाईल कोपरा धरून वाचली की नकाशाचा उजवा वरचा चतकोर तेवढा कागदावर येतो, बाकीचा पानाबाहेर. फाईल टेक्स्ट म्हणून उघडून आकडे चाळा. उणे आकडे भरपूर दिसले तर सगळं चित्र सरकवून घ्यावं लागणार. त्याच चाळणीत एससी (SC, एकक बदलणारा) हुकूम दिसतो का तेही बघा. एससी असेल तर पुढचे आकडे प्लॉटरच्या एककात नाहीत, ड्रॉइंग करणाऱ्याने ठरवलेल्या एककात आहेत. सोबत आयपी (IP, ते एकक कागदावर कुठून कुठवर पसरायचं हे सांगणारा हुकूम) नसेल तर खरं माप त्या प्लॉटरच्या मॉडेलवर आणि त्यात लावलेल्या कागदावर अवलंबून होतं. अशा वेळी आणणाऱ्याने सांगितलेली ती पक्की लांबी हाच एक आधार उरतो.

फाईल नेमकी कुठल्या जातीची आहे, हे पहिल्या ओळीवरून ठरवा, नावाच्या शेपटीवरून नाही. टक्का, उद्गारचिन्ह आणि पीएस अशी सुरुवात असेल तर ते पोस्टस्क्रिप्ट, कुणीतरी नाव बदलून पीएलटी केलेलं. ॲट-पीजेएल दिसलं तर प्रिंटरसाठीचं वेष्टण आहे, आत काहीही असू शकतं. आयएन आणि एसपी दिसले तर एचपीजीएल. पण मध्ये पीईनंतर अगम्य अक्षरांची रांग असेल तर ती नवी आवृत्ती, एचपीजीएल-२. त्यात रेघांचे आकडे दाबून भरलेले असतात. फक्त जुनी आवृत्ती वाचणारे प्रोग्राम तिथे कोरं पान देतात नाहीतर वेड्यावाकड्या रेघा मारतात. अशा फाईलला घोस्टपीसीएल (GhostPCL) हा प्रोग्राम वापरा, वाचनाची पद्धत आरटीएल ठेवा आणि पीडीएफ काढा. साध्या जुन्या फाईलला एचपी-टू-एक्सएक्स (hp2xx) हा प्रोग्राम पुरतो, फक्त एक खोड लक्षात ठेवा: काही सांगितलं नाही तर तो चित्र २०० मिमीच्या चौकटीत बसवतो. ए१ चा नकाशा वीतभर आला की हेच झालंय असं समजा. खऱ्या मापाचा ‘टी’ पर्याय द्या.

कधीकधी रूपांतराची गरजच नसते. १९९० च्या लेसरजेट ३ पासून पीसीएल-५ मध्ये (एचपीच्या प्रिंटरांची भाषा) एचपीजीएल-२ अंगभूत आहे. प्रिंटर खरा पीसीएल-५ चा असेल तर फाईलच्या आधी एस्केप (२७ नंबरचं न दिसणारं चिन्ह), टक्का, शून्य, बी आणि शेवटी एस्केप, टक्का, शून्य, ए एवढं जोडलं की काम भागतं. मात्र चित्राची चौकट वेगळी सांगितली नाही तर वरचा अर्धा इंच सुटतो, आणि एसपी १ नसेल तर पेनच निवडलेलं नाही म्हणून कोरा कागद बाहेर येतो. स्वस्त लेसर प्रिंटर बरेचदा कॉम्प्युटरवर विसंबून असतात, त्यांना पीसीएल कळतच नाही. माहितीपत्रकात पीसीएल-५ लिहिलंय का ते आधी बघा. कमांड लाइनवरून फाईल थेट पाठवताना कॉपी हुकमाला ‘बी’ जोडायला विसरू नका, नाहीतर फाईलमध्ये २६ नंबरचं चिन्ह आलं की तिथेच छपाई तुटते.

अक्षरांसाठी एलबी हुकूम असतो, आणि अक्षरं संपली हे ३ नंबरचं न दिसणारं चिन्ह सांगतं. मजकूर म्हणून ईमेलमध्ये चिकटवताना किंवा एडिटरमधून सेव्ह करताना ते चिन्ह गळालं तर उरलेलं सगळं ड्रॉइंग अक्षरं म्हणून छापलं जातं. म्हणून फाईल झिप करूनच मागवा.

पेनांचा तक्ता शेवटच्या घडीला करू नका. बाह्यरेषा ०.५, आतल्या कडा ०.३५, मापरेषा ०.१८ मिमी, एवढ्यावर बहुतेक ड्रॉइंगं भागतात. जाडी शून्य ठेवली तर पोस्टस्क्रिप्ट त्या यंत्राला जमेल तितकी बारीक रेघ काढतो: १२०० डीपीआयवर ०.०२ मिमी, म्हणजे जवळजवळ अदृश्य. पडद्यावर मात्र ती ठळक दिसते, आणि माणूस फसतो.

आता उलटी दिशा. मार्के कापायचे तर पीडीएफवरून एचपीजीएल काढायला पीएस-टू-एडिट (pstoedit) किंवा इंकस्केप हे प्रोग्राम चालतात, पण देवनागरी अक्षरं आधी आकारात बदलून घ्या. एलबीमधून मराठी जात नाही. आकारात बदलल्यावर शिरोरेषा नीट बघा. प्रत्येक अक्षराची शिरोरेषा शेजारच्यावर थोडी चढलेली असते. कागदावर ते कळत नाही, पण सुरी दोन्ही कडा कापते आणि शब्दाचे तुकडे पडतात. सगळा शब्द जोडून एक आकार करा, मग काना, मात्रा, वेलांटी पुन्हा तपासा, कारण जोडताना बारीक फटी बुजतात. स्टेन्सिल असेल तर व, ब, ठ यांच्या पोटातला तुकडा गळून पडतो. जाड शीटला तो तुकडा धरून ठेवणारे ३-४ मिमीचे पूल, म्हणजे न कापलेल्या पट्ट्या, ठेवा. जाड रेघेची बाह्यरेखा काढली नसेल तर सुरी तिच्या मधून एकच चीर मारते. फोटो किंवा स्कॅन केलेला लोगो या वाटेने जातच नाही, तो आधी रेषांत गिरवून घ्यावा लागतो. वक्र रेषा छोट्या सरळ तुकड्यांत मोडतात, म्हणून मोठ्या मार्क्याला बारीकपणा वाढवा. छोट्याला नको, सुरी अडखळते.

फ्लेक्सच्या लांब पट्ट्यांसाठी एक मर्यादा आधीच धरा: जुन्या पीडीएफमध्ये पान १४,४०० पॉइंटच्या, म्हणजे ५.०८ मीटरच्या पुढे जात नाही. तुकडे करा किंवा निम्म्या मापात बनवून दुपटीने छापा, आणि ते निम्मं आहे हे फाईलच्या नावात लिहा. नावात कागद, प्रमाण आणि पेनांची संख्याही असू द्या. मूळ पीएलटी मात्र जशीच्या तशी, रूपांतरित प्रतीपासून वेगळी ठेवा, आणि शक्यतो वरच्या मजल्यावर. २०१९ च्या ऑगस्टमधल्या महापुरानंतर सांगलीत याचं कारण कुणाला विचारावं लागत नाही.