बाळाचं डोकं एका बाजूनं चपटं झालंय? या चुका टाळा

आमचं पोरगं अडीच महिन्याचं असताना उजव्या कानामागं पेढ्याएवढं टक्कल पडलं, आणि आंघोळ घालताना वरून बघितलं तर तिकडचं डोकं चक्क सपाट, उजवा कानपण जरा पुढं सरकल्यासारखा. झालं, घरात सगळे डॉक्टर.

पहिली चूक, मालीशवालीला डोकं दाबून गोल करायला सांगणं. नका करू. टाळू दीड वर्षापर्यंत मऊ असते, तेल लावा हलक्या हातानं, बास. दुसरी, राईची उशी, किंवा आपल्याकडं हमखास घडी घालून ठेवलेली सोलापुरी चादर. वर्षाच्या आत डोक्याखाली काहीच नको, श्वास कोंडायची भीती असते. आणि चपटं होतंय म्हणून रात्री कुशीवर किंवा पालथं झोपवायचं हे तर अजिबात नाही, झोप पाठीवरच.

खरी चूक आमची वेगळीच होती. खाट भिंतीला लावलेली, उजेड आणि पंखा दोन्ही उजवीकडं, उन्हाळ्यात दार उघडं, मग ते बिचारं दिवसभर तिकडंच बघणार ना! आम्ही फक्त डोकं आणि पायाची बाजू रोज बदलायला लागलो, दूध पाजताना हात बदलला, आणि जागं असताना दिवसातून दोनतीनदा तीन ते पाच मिनिटं पोटावर, समोर बसून. रडलं तर आपल्या छातीवर पालथं घ्या, तेपण चालतं. तरी मान एकाच बाजूला वळत असेल तर मानेचा स्नायू आखडलेला असू शकतो, तिथं फिजिओथेरपी लागते.

मेंदू दबला का, हा प्रश्न मला रात्री झोपू द्यायचा नाही. तर नाही दबत, मेंदू वाढतो तशी कवटी वाढते, फक्त आकार बदलतो. काही अभ्यासात अशी बाळं हालचालीत थोडी मागं दिसलीत, पण कमी हलणारं बाळच एका जागी जास्त पडून राहतं, म्हणजे गाडी उलटीपण असू शकते. म्हणून चार महिन्यांतही मान धरत नसेल तर दाखवाच. जन्मापासूनच आकार वेडावाकडा, कवटीच्या हाडांच्या शिवणीवर, म्हणजे सांध्यावर, हाताला कडक उंचवटा लागतोय, डोक्याचा घेर वाढत नाहीये, तर लगेच, कारण कवटीचे हे सांधे लवकर जुळले असतील तर प्रकरण वेगळं, कधी ऑपरेशनही. डोक्याला आकार द्यायला बाळाला घालतात त्या हेल्मेटसाठी मात्र धावू नका, नेदरलँड्समधल्या 2014 च्या चाचणीत हेल्मेटवाली आणि बिनहेल्मेटची बाळं दोन वर्षांची होईपर्यंत जवळपास सारखीच निघाली.

आमचं बसायला लागल्यावर बरंच भरून आलं. जावळ काढलं तेव्हा मागं थोडं सपाट दिसलं, सासूबाईंनी हात फिरवून बघितला आणि टोपी घातली.