पोराची ओसीडी (तेच विचार, तीच कृती पुन्हा पुन्हा करायला लावणारा मानसिक आजार) गोळ्यांना दाद देत नसेल तर
आधी जुने कागद काढा: कुठली गोळी, किती मिलिग्रॅम, किती आठवडे. सर्ट्रालिन ५० वर महिनाभर देऊन सोडली असेल, तर ते औषध फसलं म्हणू नका. सोसेल तितका डोस, गरजेप्रमाणे २०० पर्यंत, १०-१२ आठवडे हवा. सोबत ईआरपी थेरपी, म्हणजे भीतीला थोडं थोडं सामोरं जायचं पण हात धुण्यासारखी कृती टाळायची, असा सराव. नळाखाली हात धुण्यात किती मिनिटं जातात, तेही रोज लिहा.

मग सर्ट्रालिनच्याच गटातली (एसएसआरआय) दुसरी गोळी. तीही चालली नाही तर क्लोमिप्रमिन हे जुन्या गटातलं औषध, पण आधी ईसीजी. फ्लुवोक्सामिन या एसएसआरआयसोबत क्लोमिप्रमिनची रक्तातली पातळी खूप चढते. नाहीतर चालू गोळीला एरिपिप्राझोल किंवा रिस्पेरिडोन या अँटिसायकोटिक औषधाची अल्प जोड. वजन, साखर तपासत राहायचं.

हे कागद कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात दाखवा. डोस बदलल्यावर पोर बेचैन झालं, मरणाचं बोललं, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. गोळी परस्पर बंद करू नका.