मैदानावरची मोठी चाल नेमकी कुठे फसते? मार्चिंग बँडवाल्यांनो, या चुका टाळा

1991 साली अमेरिकेत डॅलसला ड्रम कोर इंटरनॅशनल या मार्चिंग संघांच्या स्पर्धेची अंतिम फेरी झाली. तिथे स्टार ऑफ इंडियाना या संघाने मैदानभर पसरलेला एक क्रॉस चालता चालता, वाजवता वाजवता दुसऱ्या क्रॉसमध्ये बदलून दाखवला. इटालियन संगीतकार रेस्पिगीच्या संगीतावर बसवलेल्या त्या कार्यक्रमाने त्या वर्षीचं विजेतेपद मिळवलं आणि ती चाल आजही ‘क्रॉस टू क्रॉस’ याच नावाने ओळखली जाते. असे व्हिडिओ बघून शाळा-कॉलेजांचे बँड तसलंच काहीतरी बसवायला घेतात. कागदावर दोन सुरेख आकृत्या काढल्या जातात, आणि मैदानावर मात्र मुलं एकमेकांवर आदळतात, रांगा वाकड्या होतात, ताल सुटतो.

माझं स्पष्ट मत आहे की यातल्या बहुतेक अडचणींचं मूळ एकच असतं. पहिल्या आणि शेवटच्या आकृतीवर सगळे मेहनत घेतात, त्या दोहोंमधल्या वाटेचा विचार कोणी करत नाही. प्रेक्षकांच्या लक्षात राहते ती मात्र ही वाटच.

फिरणारी रांग मध्येच आखडते

दारासारखी फिरणारी रांग, म्हणजे ‘गेट’, ही ड्रिलमधली, म्हणजे मैदानावरच्या चालींच्या आखणीतली, सगळ्यात देखणी आणि सगळ्यात जास्त बिघडणारी चाल. समजा 20 यार्डांची रांग एका टोकाभोवती काटकोनात फिरवायची आहे. प्रत्येकाला सुरुवातीची आणि शेवटची जागा सांगितली, की तो साहजिकच दोन बिंदूंमधून सरळ चालत जातो. संगणकावर ड्रिल आखतानाही दोनच आकृत्या देऊन मधलं सोडून दिलं, तर तीच सरळ वाट मिळते. मग अर्ध्या वाटेवर बाहेरचा मुलगा खुंटीच्या मुलापासून (ज्याच्याभोवती रांग फिरते त्याच्यापासून) 20 नव्हे, जेमतेम 14 यार्डांवर असतो. रांग आखडते, अंतरं कमी होतात आणि शेवटी पुन्हा ताणली जातात. रांग तिच्या मध्याभोवती अर्धं वर्तुळ फिरवायची असेल, तर सरळ वाटेने निघालेले सगळे मध्यावर एकाच ठिकाणी येऊन थडकतील.

उपाय सोपा आहे, पण वेळखाऊ. दर 4 किंवा 8 काउंटला (एक काउंट म्हणजे तालाचा एक ठोका, एक पाऊल) एक मधली जागा ठरवून द्या. एका लांब दोरीला ठरावीक अंतरावर गाठी मारा, एक टोक खुंटीला बांधा, प्रत्येक गाठ एकेकाच्या हातात द्या आणि वाद्यांशिवाय पूर्ण फेरा चालवा. आपली वाट वाकडी आहे हे तेव्हाच मुलांच्या पायांना कळतं.

त्याआधी हिशेब मात्र कराच. बाहेरच्या मुलाला कमानीवरून 31 यार्डांहून थोडं जास्त चालायचं आहे. 32 काउंट दिले तर त्याचं प्रत्येक पाऊल सुमारे 90 सेंटिमीटरचं पडतं. पाच यार्डांना आठ पावलं या नेहमीच्या मापाने पाऊल 57 सेंटिमीटरचं असतं. म्हणजे 90 ही धावपळच झाली, पण सराव असलेल्या मुलांना जमते. तीच चाल 16 काउंटमध्ये बसवाल तर पाऊल 180 सेंटिमीटरचं होईल, आणि ते कोणालाच जमणार नाही. एनसीसीत ‘दाहिने घूम’ केलेल्यांना हे सांगायला नको: आतला जागच्या जागी कदमताल करतो तेव्हा बाहेरच्याला लांब टांगा टाकाव्या लागतात. त्यामुळे बाहेरच्या टोकाला उंच आणि दमदार मुलं ठेवा. जड ट्यूबा खांद्यावर घेतलेला मुलगा तिथे नको.

आणखी एक. आतली मुलं हमखास घाई करतात. दोन पावलांत पोचतो म्हणून आधीच जाऊन उभी राहतात आणि रांग कमानीसारखी वाकते. बाहेरच्यांना ओरडण्याआधी आतल्यांकडे बघा. दोष बहुधा तिथेच सापडतो.

आरपार जाताना बिचकणं

दोन रांगा समोरासमोर येऊन एकमेकींतून निघून जातात, तेव्हा लोक श्वास रोखून बघतात. रांगेतल्या दोघांमधलं दोन पावलांचं अंतर म्हणजे साधारण 115 सेंटिमीटर. त्या फटीतून माणूस आणि त्याचं वाद्य जायचं असतं. नवखा मुलगा इथे खांदा चोरतो, पाऊल आखडतो किंवा शेजाऱ्याकडे बघतो. एकाने पाऊल आखडलं की मागचा त्याच्यावर येतो.

‘घाबरू नका’ असं सांगून काही होत नाही. कोणत्या काउंटला दोन्ही रांगा एका रेषेत येतात ते नेमकं शोधा. समजा 16 पैकी आठव्याला. मग सगळ्यांना आठव्या काउंटला थांबवा. प्रत्येकजण समोरच्या रांगेतल्या दोघांच्या बरोबर मधोमध आहे का, ते तपासा. नसेल तर चूक धाडसाची नाही, आधीच्या सात पावलांच्या मापाची आहे. जागा पक्की झाली, की भीती बऱ्याच अंशी आपोआप जाते.

पाय बरोबर, कान चुकीचे

ही चूक डोळ्यांना दिसत नाही, म्हणून ती दुरुस्त व्हायला सगळ्यात उशीर लागतो. आवाज सेकंदाला सुमारे 340 मीटर जातो. मैदानाच्या मागच्या भागातल्या ड्रमलाइनचा, म्हणजे ड्रम वाजवणाऱ्या तुकडीचा, ठोका 30 मीटर पुढे उभ्या असलेल्याला जवळजवळ 0.09 सेकंद उशिरा ऐकू येतो. मिनिटाला 180 ठोक्यांच्या टेम्पोला एक ठोका 0.33 सेकंदांचा असतो. म्हणजे पाव ठोक्याहून जास्त फरक! मैदान पसरवणारी प्रत्येक चाल हा फरक वाढवते. सगळा ब्रास, म्हणजे पितळी फुंकवाद्यं वाजवणारी मुलं, एका लांब रांगेत प्रेक्षकांवर चालून येतो त्या ‘कंपनी फ्रंट’मध्ये तर दोन टोकांची मुलं एकमेकांचं ऐकून वाजवायला लागली, की सगळं मातेरं होतं.

म्हणून नियम असा: आवाज मागून येत असेल तर पुढच्यांनी मागचं ऐकून वाजवायचं, बाजूचं नाही. मागच्यांनी पुढून येणारा आवाज कानाआड करायचा आणि पुढे उभं राहून ताल देणाऱ्या ड्रम मेजरच्या हातांकडे बघायचं. ड्रम मेजरनेही कानांपेक्षा ड्रमलाइनच्या पायांवर भरवसा ठेवायचा. मेट्रोनोमचा, म्हणजे ठोके देणाऱ्या यंत्राचा, स्पीकर मैदानापुढे ठेवणं ही सर्रास होणारी चूक. तो ड्रमलाइनच्या मागे ठेवा.

ड्रमलाइनवरून आठवलं: छातीवर ड्रम असलेली मुलं आडवी जाताना पायावर पाय टाकत खेकड्यासारखी सरकतात. त्यांना ब्रासइतकी लांब पावलं मागू नका. आकृतीत त्यांची वाट आधी आखा, बाकीच्यांना त्यांच्याभोवती फिरवा.

जागा की रांग?

सरावात आपली ठरलेली जागा गाठायची, प्रत्यक्ष कार्यक्रमात रांग सांभाळायची, हे अमेरिकेतल्या संघांत वर्षानुवर्षं शिकवतात आणि मला ते पटतं. सरावातच शेजाऱ्याकडे बघून सरकायची सवय लागली, तर एकाची चूक सगळ्या रांगेत पसरते. कार्यक्रमात मात्र एक जण पाऊलभर चुकला आणि बाकीचे आपापल्या जागेला चिकटून राहिले, तर खड्डा दिसतो. मान न वळवता डोळ्यांच्या कोपऱ्यातून रांग बघायला वेगळं शिकवावं लागतं.

खालून बघून बसवणं

ही ड्रिल उंचावरून बघण्यासाठी असते. इंडियानापोलिसच्या ल्युकस ऑइल स्टेडियमवर, जिथे 2009 पासून ड्रम कोर इंटरनॅशनलच्या बहुतेक अंतिम फेऱ्या झाल्या आहेत, वरच्या मजल्यांवरून प्रत्येक कमान स्वच्छ दिसते. आपल्याकडे मैदानाला उंच गॅलरी क्वचितच असते. मग शाळेच्या तिसऱ्या मजल्याच्या व्हरांड्यातून मोबाइलवर चित्रीकरण करा आणि त्याच संध्याकाळी मुलांना दाखवा. मैदानावर फक्कीने साडेचार मीटरवर रेघा मारा. त्या पाच यार्डांच्या जवळपास येतात आणि प्रत्येक रेघेला आठ पावलं बसतात. रेघा नसतील तर पावलाचं माप कधीच पक्कं होत नाही.

आणि कार्यक्रमाला आठवडा राहिला असताना चाल अजूनही तुटत असेल, तर आकृती बदलू नका, काउंट वाढवा. संगीतात जागा नसेल तर अंतर कमी करा: 20 यार्डांचं गेट 12 यार्डांचं केलं, की 32 काउंटमध्ये बाहेरच्याचं पाऊल 90 वरून 54 सेंटिमीटरवर येतं आणि सगळी रांग वाजवत फिरू शकते.