निसर्गावरची पुस्तकं वाचायची तर गांडुळापासून सुरुवात करा

माझं पोटापाण्याचं काम मुद्रितशोधनाचं. दिवसभर सुटलेले काने आणि ऱ्हस्व-दीर्घ पकडायचे. संध्याकाळी स्वतःसाठी पुस्तक उघडलं तरी डोळा आधी बारीकसारीक गोष्टींवर जातो. या खोडीमुळेच मला निसर्गावरच्या पुस्तकांची गोडी लागली, पण सुरुवात मात्र साफ चुकली होती. पक्षी ओळखायचं एक जाडजूड पुस्तक आणलं आणि कादंबरीसारखं पहिल्या पानापासून वाचायला बसले. चाळिसाव्या पानापर्यंत सगळे पक्षी सारखेच दिसायला लागले. ओळखपुस्तक शब्दकोशासारखं असतं, अडलं की उघडायचं. वाचायची पुस्तकं वेगळी.

ती निवडायची माझी एक ढोबळ कसोटी आहे. पुस्तक मधेच कुठेतरी उघडा, एक पान वाचा आणि विशेषणं मोजा. 'नयनरम्य', 'मनमोहक', 'विलोभनीय' अशी रांग लागली असेल तर खाली ठेवा. प्राणी काय करतोय, किती वेळ करतोय, कुठल्या बाजूने आला, हे लेखक सांगत असेल तर घरी आणा.

या कसोटीवर मी पहिलं नाव घेते ते डार्विनचं, पण उत्क्रांतीवरचं ते प्रसिद्ध पुस्तक नव्हे. मृत्यूच्या आदल्या वर्षी, १८८१ मध्ये, त्याने गांडुळांवर एक पुस्तक काढलं. गडी घरात कुंड्यांमधून गांडुळं पाळत होता. त्यांच्यापुढे शिट्टी फुंकून झाली, बासून नावाचं वाद्य वाजवून झालं, पियानो झाला. गांडुळं ढिम्म. मग त्याच कुंड्या पियानोवर ठेवल्या आणि एक स्वर वाजवला, तर ती झटकन बिळात! म्हणजे आवाज ऐकू येत नाही, थरथर मात्र कळते.

त्यापुढचा भाग मला सगळ्यात आवडतो. गांडूळ पानं ओढून बिळाचं तोंड बुजवतं. ते पान कुठून धरतं? डार्विनने बिळांतून २२७ वाळकी पानं उपसून मोजली. १८१ पानं टोकाकडून ओढलेली निघाली. मग कागदाचे निमुळते त्रिकोण कापून ठेवले, तर तेही बरेचसे अणकुचीदार टोकाकडून आत गेलेले. डोळे नसलेला जीव आकार चाचपून ठरवतो की काय, हा प्रश्न तो पानंच्या पानं सोडत नाही.

हे नुसतं वाचू नका, करून बघा. मी जुन्या प्रुफांचे त्रिकोण कापले आणि गांडुळं असलेल्या कुंडीत रात्री पसरले. सकाळी लगदा. ओल्या मातीवर कागद टिकत नाही, म्हणून डार्विनने त्रिकोणांना दोन्ही बाजूंनी चरबी चोळली होती, आणि ते वाक्य मी वाचूनही सोडून दिलं होतं. माझ्यासारखीने! दुसऱ्या खेपेला मेणबत्ती घासली. बॅटरीवर लाल जिलेटिन कागद लावा, पांढऱ्या उजेडात गांडूळ लगेच आत पळतं. माझ्या बारा त्रिकोणांपैकी पाच ओढले गेले, त्यातले चार टोकाकडून. पाचांवरून काही सिद्ध होत नाही, पण त्यानंतर त्या पुस्तकातला प्रत्येक आकडा मी थांबून वाचला. इंग्रजी जुनं आहे, वाक्यं लांबलचक. दिवसाला चार पानं पुरेत.

मग फाब्र. या फ्रेंच माणसाने कीटकांवर दहा खंड लिहिले, पण सगळे वाचायचा हट्ट नको. एकामागे एक चालणाऱ्या सुरवंटांना त्याने मोठ्या कुंडीच्या काठावर गोल फिरायला लावलं आणि ते सात दिवस फिरत राहिले, तेवढं प्रकरण आधी शोधा. ते आवडलं तर पुढचं आपोआप होईल.

गिल्बर्ट व्हाइटचं सेलबोर्न या इंग्लंडमधल्या खेड्यावरचं पुस्तक (१७८९) पत्रांचं आहे, म्हणून रोज एक पत्र. दिसायला जवळजवळ सारखे तीन वटवट्ये या पाद्र्याने आवाजावरून वेगळे काढले. आणि हाच माणूस, काही भिंगऱ्या हिवाळ्यात कुठे न जाता जवळपासच दडून झोपत असाव्यात, ही शंका काही सोडत नाही. ती पत्रं गाळू नका. चांगला निरीक्षक कुठे आणि कसा चुकतो हे इतकं उघडं क्वचितच छापलेलं सापडतं. त्याच्या टिमथी नावाच्या कासवाचं कवच लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये आहे. टिमथी मादी निघाली.

मराठीत दुर्गा भागवतांचं 'ऋतुचक्र' एका बैठकीत संपवणं म्हणजे पुस्तकावर अन्याय. चैत्राचा लेख चैत्रात, वैशाखाचा वैशाखात, असं वर्षभर पुरवा. व्यंकटेश माडगूळकरांचं 'सत्तांतर' मात्र एका दमात वाचा. वानरांच्या टोळ्यांची ती गोष्ट आहे, आणि माकडांना माणसासारखं बोलायला न लावता ती सांगितलीय. मारुती चितमपल्ली वाचताना शेजारी वही हवी, शब्दांसाठी. बगळे-करकोच्यांच्या वसाहतीला 'सारंगागार', पाखरांच्या रात्रीच्या मुक्कामाला 'रातनिवारा'. असे शब्द माहीत झाले की नेहमीचं झाडसुद्धा संध्याकाळी वेगळं दिसतं.

रेचल कार्सन म्हटलं की सगळे कीटकनाशकांविरुद्धचं 'सायलेंट स्प्रिंग' (१९६२) हातात देतात. मी आधी 'अंडर द सी-विंड' देते. ते १९४१ च्या नोव्हेंबरात आलं, महिनाभरात अमेरिका युद्धात उतरली आणि पुस्तक पडून राहिलं. दहा वर्षांनी तिच्या समुद्रावरच्या दुसऱ्या पुस्तकाने नाव कमावलं, तेव्हा कुठे लोक याच्याकडे वळले. त्यात एका मॅकरेल माशाचा प्रवास अंड्यापासून आहे. कीटकनाशकांवर ती एवढी का चिडली, हे मला तो मासा वाचल्यावर कळलं.

जे. ए. बेकरचं 'द पेरेग्रिन' (१९६७) शेवटासाठी ठेवा. बहिरी ससाण्यामागे दहा वर्षं फिरून त्याने सगळं एकाच हिवाळ्याच्या रोजनिशीत कोंबलंय. माझी विशेषणांची कसोटी लावली तर हे पुस्तक पहिल्याच पानावर नापास. तीनदा वाचलंय मी ते. हातात पेन्सिल होती, पण समासात एकही खूण झालेली नाही.