कलेतिहास शिकताना या चुका टाळा : पदवीच्या पहिल्या वर्षापासून एम.ए.च्या लघुप्रबंधापर्यंत

कलेतिहासाच्या पहिल्या वर्षाच्या उत्तरपत्रिकांत एक वाक्य दरवर्षी हमखास भेटते : ‘अजिंठ्याची चित्रे फ्रेस्को पद्धतीने रंगवलेली आहेत.’ हे वाक्य चुकीचे आहे. फ्रेस्कोमध्ये चुन्याचा गिलावा ओला असतानाच त्यावर पाण्यात कालवलेले रंग लावतात आणि गिलावा वाळताना ते रंग त्यात कायमचे बसतात. अजिंठ्यात खडकावर माती, तूस आणि वनस्पतींचे तंतू यांचा गिलावा दिलेला आहे, त्यावर एक पातळ पांढरा थर आहे, आणि तो वाळल्यानंतर सरस वा डिंकासारख्या बंधकद्रव्यात मिसळलेल्या रंगांनी चित्रे काढलेली आहेत. गुण एखादाच जातो, पण हा शब्द लिहिणाऱ्याने भिंत कशी तयार झाली याचा विचारच केलेला नसतो, आणि याची मला अधिक काळजी वाटते. पदवीपासून एम.ए.पर्यंत ज्या चुका मी तपासत आलो आहे, त्यांतील बहुतेकींचे मूळ इथेच आहे : नाव आधी लिहिले जाते आणि पाहणे मागे राहते.

‘हेमाडपंती’ हे उत्तर नव्हे

महाराष्ट्रातील विद्यार्थ्यांच्या लेखनात या चुकीचे सर्वांत ठळक रूप म्हणजे ‘हेमाडपंती’ हा शब्द. जुने, काळ्या दगडाचे आणि चुना न वापरता रचलेले मंदिर दिसले की ते हेमाडपंती ठरते, आणि बोलीभाषेत रुळलेला हा शब्द शैलीचे नाव म्हणून थेट लघुप्रबंधात येतो. हेमाद्री पंडित ऊर्फ हेमाडपंत हा देवगिरीच्या महादेव आणि रामचंद्र या यादव राजांचा मंत्री. त्याचा काळ तेराव्या शतकाचा उत्तरार्ध. अंबरनाथच्या शिवमंदिरातील शिलालेख मात्र शके ९८२चा, म्हणजे इ.स. १०६०चा असून तो शिलाहार राजा मम्वाणीच्या काळातील आहे. हेमाद्रीच्या आधी दोनशे वर्षे उभ्या राहिलेल्या मंदिराला त्याचे नाव देताना विद्यार्थ्याला काहीच खटकत नाही, कारण त्याने काळही पाहिलेला नसतो आणि शिखरही. दगडावर दगड बसवून केलेली कोरडी बांधणी तर हेमाद्रीपेक्षा कितीतरी जुनी आहे आणि तिच्यावरून शैली ठरत नाही.

यावर उपाय एकच : मंदिराचे वर्णन खालून वर करावे. आधी तलविन्यास, म्हणजे गर्भगृह, अंतराळ (गर्भगृह आणि मंडप यांना जोडणारी छोटी जागा) आणि मंडप यांची मांडणी. मग पीठ (जोते), मंडोवर (बाहेरची भिंत) आणि शेवटी शिखर. अंबरनाथला किंवा सिन्नरच्या गोंदेश्वराला चारही बाजूंनी वर जाणारे उभे पट्टे आणि त्यांच्या मधल्या जागेत ओळीने रचलेली छोटी शिखरे डोळ्यांनी ओळखता आली, की ‘भूमिज’ ही संज्ञा आपोआप अर्थपूर्ण होते. ज्यांचे लेखन आधीच पूर्ण झाले आहे त्यांनी संगणकावर ‘हेमाडपंती’ शोधून त्या जागी सरसकट ‘भूमिज’ घालण्याची घाई करू नये. महाराष्ट्रातील अनेक मंदिरांची मूळ शिखरे पडलेली आहेत किंवा नंतरच्या काळात विटा-चुन्यात पुन्हा बांधलेली आहेत, त्यामुळे प्रत्येक मंदिराचा निर्णय स्वतंत्रपणेच घ्यावा लागतो. ‘लोक या मंदिराला हेमाडपंती म्हणतात’ ही नोंद मात्र ठेवावी. परंपरेने वास्तूला कसे लक्षात ठेवले, हेही आपल्या विषयातच येते.

जाता जाता, शकाचे इसवी सनात रूपांतर करताना ७८ मिळवायचे हे ठाऊक असूनही वर्षाच्या अखेरच्या महिन्यांसाठी ७९ मिळवावे लागतात हे विसरले जाते. शिलालेखात महिना दिलेला असेल तर तो आधी वाचावा.

पडद्यावरचे चित्र आणि समोरची वस्तू

वर्गातल्या पडद्यावर मोनालिसा आणि घारापुरीची महेशमूर्ती एकाच आकाराची दिसते. प्रत्यक्षात पहिली सुमारे ७७ सेंटिमीटर उंच आहे, तर दुसरी साडेपाच मीटरच्या आसपास. केवळ छायाचित्रांवर अभ्यास केलेल्या निबंधांत ‘भव्य’ आणि ‘नाजूक’ ही विशेषणे अदलाबदल झालेली दिसतात, ती यामुळेच.

रंगांच्या बाबतीत फसगत अधिक खोल असते. अजिंठ्याच्या चित्रांतील ‘उबदार, पिवळसर रंगसंगती’वर परिच्छेदच्या परिच्छेद लिहिले जातात. १९२० ते १९२२ या काळात निजाम सरकारने इटलीतून बोलावलेल्या तज्ज्ञांनी चित्रांच्या रक्षणासाठी त्यांवर लाखेचे रोगण चढवले होते आणि ते पुढे पिवळे पडले. चित्रकाराच्या रंगाबद्दल आपण लिहितो असे वाटत असताना अनेकदा त्या रोगणाबद्दलच लिहिले जात असते. म्हणून रंगावर मत देण्यापूर्वी त्या भिंतीच्या जतनाचा इतिहास वाचणे आवश्यक आहे.

घारापुरीवरच्या लेखनात आणखी एक गोंधळ नेहमीचा आहे, तो डाव्या-उजव्याचा. महेशमूर्तीचे उग्र अघोर मुख पाहणाऱ्याच्या डावीकडे आहे, म्हणजे देवाच्या उजवीकडे. कमळ धारण करणारे सौम्य वामदेव मुख देवाच्या डावीकडे आहे. मूर्तिशास्त्रात दिशा नेहमी मूर्तीच्या सांगतात. एका पानावर पाहणाऱ्याची आणि दुसऱ्या पानावर मूर्तीची दिशा वापरली, तर अर्धनारीश्वराच्या वर्णनात स्त्रीचे अर्धांग उजवीकडे जाऊन बसते आणि पुढचे सगळे विवेचन कोसळते. (या मूर्तीला ‘त्रिमूर्ती’ म्हणून ब्रह्मा, विष्णू आणि महेश शोधणेही थांबवावे; ही तिन्ही मुखे शिवाचीच आहेत.)

अभ्याससहल आखताना अजिंठा आणि घारापुरी सोमवारी, तर वेरूळ मंगळवारी बंद असते हे ध्यानात ठेवावे. कॅमेरा असला तरी वही न्यावी आणि चित्रकला येत नसली तरी एका शिल्पपटासमोर तासभर बसून त्याचे रेखाटन करावे. हात कुठे अडतो तिथेच आपण नीट पाहिलेले नव्हते, हे कागदावर लगेच कळते.

चित्र कोणाचे?

म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातील, हातात दिवा घेतलेल्या स्त्रीचे चित्र राजा रविवर्म्याचे म्हणून आजही सर्रास दाखवले जाते आणि विद्यार्थी ते तसेच उतरवतात. ते सावंतवाडीचे चित्रकार सा. ल. हळदणकर यांचे जलरंगातील काम आहे; १९४५-४६च्या सुमारास त्यांनी आपल्या मुलीला समोर उभे करून ते रंगवले. रविवर्म्याचे निधन १९०६ साली झाले होते. त्या संग्रहालयात रविवर्म्याची चित्रे आहेत, चित्रात साडी नेसलेली स्त्री आहे, एवढ्या साम्यावर श्रेय दुसऱ्याच्या नावे गेले, आणि आपल्याच मातीतल्या एका मोठ्या चित्रकाराची ओळख त्यात पुसली जाते याचे मला फार वाईट वाटते. कोणत्याही चित्राबद्दल लिहिण्यापूर्वी स्वाक्षरी, माध्यम, आकार आणि संग्रहातील नोंदणी क्रमांक या चार गोष्टी टिपल्या, तर अशा बहुतेक चुका पहिल्याच दिवशी थांबतात. खुद्द रविवर्म्याच्या बाबतीत मूळ तैलचित्र आणि छापील प्रत यांतही फरक करावा : त्याचा छापखाना १८९४ साली मुंबईत सुरू झाला, पुढे लोणावळ्याजवळच्या मळवलीला गेला, आणि तो विकल्यानंतरही छपाई चालूच राहिली.

एम.ए.च्या पातळीवर

इथे पहिली चूक विषयाच्या आकाराची. ‘महाराष्ट्रातील आधुनिक कला’ एका वर्षात होत नाही. १९४७ साली मुंबईत स्थापन झालेल्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप या कलावंतगटाच्या सहा संस्थापकांपैकी सूझा, रझा आणि हुसेन यांच्यावर भरपूर लिहिले गेले आहे. हरी अंबादास गाडे आणि सदानंद बाकरे यांच्यावर त्या मानाने फारच कमी. मराठी वाचणाऱ्या विद्यार्थ्याला त्या काळातील मराठी नियतकालिके थेट उघडता येतात. मराठी साधने दुय्यम मानून इंग्रजी पुस्तकांतले उतारे पुन्हा लिहीत बसणे म्हणजे हातातले बळ सोडून देणे.

दुसरी चूक सिद्धान्त वरून लिंपण्याची. चित्राची षडंगे, म्हणजे सहा अंगे, सांगणारी यशोधराची कामसूत्रावरील टीका अजिंठ्याच्या कित्येक शतकांनंतरची आहे. तिच्या सहा कसोट्या चित्रांवर लावून दाखवता येतात, पण अजिंठ्याचे चित्रकार त्या पाळत होते असे त्यातून सिद्ध होत नाही. कालनिर्णयाचेही तसेच. सोळाव्या लेण्यातील लेखामुळे वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री वराहदेव हा दाता कळतो आणि पाचव्या शतकाचा उत्तरार्ध निश्चित होतो. परंतु कलेतिहासकार वॉल्टर स्पिंक यांनी अजिंठ्याची उत्तरकालीन लेणी जेमतेम दोन दशकांत बसवली, ती मांडणी सर्वांना मान्य नाही. म्हणून वर्ष लिहिताना ते कोणाच्या मते, हेही लिहावे.

पहिला मसुदा पूर्ण झाला की तो घेऊन त्याच वास्तूपाशी किंवा चित्रापाशी पुन्हा जावे आणि तिथे उभे राहून एकेक वाक्य वाचावे. जे समोर दिसत नाही त्याला आधार जोडावा, आणि आधारही नसेल तर ते वाक्य तिथेच खोडावे.