आईबापाचा मान राखायचा म्हणजे नेमकं करायचं काय

आमची आई नेवासे तालुक्यात गावी एकटीच राहते, पप्पांना जाऊन सहा वर्षं झाली. दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीत मी गेले होते तेव्हा सकाळी ती ओट्यावर बायबल घेऊन बसलेली, ओठ हलतायत, स्तोत्र १२१ चाललंय, आणि मी चहा घेऊन शेजारी टेकले तर पुस्तक भलतीकडेच उघडलेलं, यिर्मया नावाच्या दुसऱ्याच ग्रंथात कुठेतरी. विचारलं तर म्हणे अगं पाठ आहे मला. मग दिवसभरात हळूहळू कळलं की दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, वाचायचं दिसत नाही याला वर्ष होऊन गेलेलं, आणि आम्हा तिघा भावंडांत कुणालाच पत्ता नाही. त्याच वर्षी मी पुण्यात आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, नवीन साउंड सिस्टिमला पंधरा हजार दिले होते, आनंदाने दिले होते, उपासनेत नाव पण वाचलं गेलं होतं.

तेव्हापासून बायबलच्या दहा आज्ञांतली आईबापाचा मान राखायची आज्ञा मी फार वेळा वाचली आणि जमेल तशी पाळायला शिकतेय. जे कळलं ते इथे लिहिते, जे माझ्यासारखे चाळिशीत आहेत आणि ज्यांचे आईवडील गावी किंवा दुसऱ्या शहरात आहेत त्यांच्यासाठी जास्त करून.

आधी आज्ञा कुणाला आहे ते बघा. निर्गम २०:१२, "आपला बाप व आपली आई ह्यांचा मान राख". संडे स्कूलला हे आपल्याला इतक्या लहानपणी पाठ करून घेतात ना की डोक्यात तेच बसतं, ही लहान मुलांची आज्ञा, आईने सांगितलं की दूध आणायला जायचं, उलटं बोलायचं नाही. पण ही आज्ञा मिळाली तेव्हा सीनाय डोंगरापाशी उभी होती ती मोठी माणसं होती, बायकापोरंवाली, आणि त्यांच्यासोबत वाळवंटातून चालणारे म्हातारे आईबाप होते ज्यांना ओझं उचलवत नव्हतं. आणि मान राख याला हिब्रूत जो शब्द आहे त्याचं मूळ वजन या शब्दात आहे, जड असणं. म्हणजे आईबापाला वजन द्यायचं. घरात कुणाच्या शब्दाला वजन आहे असं आपण म्हणतोच की, तेच ते. (वसईच्या माझ्या कॅथलिक मैत्रिणी हिला चौथी आज्ञा म्हणतात, आपण पाचवी, मोजायची पद्धत वेगळी, आज्ञा एकच.)

आता पैसा. यावर चर्चमध्ये कमी बोलतात म्हणून मी जास्त बोलणार. मार्क ७ वा अध्याय काढा, ९ ते १३ वचनं. तिथे प्रभू येशू परूश्यांना, म्हणजे त्या काळच्या कडक नियमवाल्या यहूदी धर्मपुढाऱ्यांना, झापतो ते याच आज्ञेवरून. त्यांच्यात अशी सोय होती की एखाद्याने आपला पैसा किंवा वस्तू कुर्बान म्हणजे देवाला अर्पण केलीय असं जाहीर केलं की आईबापाला त्यातून द्यायची जबाबदारी संपली. आणि येशू म्हणतो तुम्ही आपल्या संप्रदायाने, म्हणजे परंपरेने, देवाचं वचन रद्द करता. मी हे वाचलं आणि मला तो साउंड सिस्टिम आठवला. दशांश, म्हणजे कमाईचा दहावा भाग चर्चला, देऊ नका असं मी अजिबात म्हणत नाहीये, मी आजही देते, पण देवाला दिलं म्हणून आईला नाही दिलं हे गणित देवानेच नाकारलेलं आहे, आणि पौलाने तीमथ्याला पहिल्या पत्रात (५:८) तर स्पष्टच लिहिलंय की जो घरच्यांची तरतूद करत नाही त्याने विश्वास नाकारला. त्याच अध्यायात ४ थ्या वचनात मुलं नातवंडांना सांगितलंय की आईबापाचे उपकार फेडायला आधी शिका.

तर करायचं असं. भावंडांनी एकदा बसा, व्हिडिओ कॉलवर बसा, पण बसा, आणि आईबापाचा महिन्याचा खरा खर्च लिहून काढा, औषधं, गॅस, लाइट बिल, दूध, कामाला बाई असेल तर ती, लग्नाकार्यातले आहेर (हे विसरतात सगळे, आणि नेमकं याच वेळी म्हाताऱ्या माणसाचा हात आखडतो आणि त्याला लाज वाटते). मग कोण किती देणार ते ठरवा, ज्याची ऐपत जास्त त्याने जास्त. आणि बँकेत ऑटो ट्रान्सफर लावून टाका, एक तारखेला रक्कम गेलीच पाहिजे, आईने फोन करून "या महिन्याचं राहिलं का गं" असं विचारायची वेळ यायलाच नको, कारण मागायला लागलं की मान संपला. वडील असतील तरी आईच्या नावाने वेगळं खातं असू द्या आणि त्यात थोडे तरी तिचे एकटीचे टाका. आम्ही हे सुरू केल्यावर आईने पहिलं काय केलं असेल तर पाळक साहेबांच्या (चर्चच्या पाद्रींच्या) मुलीला लग्नात साडी घेतली, स्वतःच्या पैशांनी. फोनवर दोनदा सांगितलं मला, माझ्या पैशांनी घेतली म्हणून.

सरकारी गोष्टी पण तुम्हीच करून द्या, त्यांना ऑफिसात हेलपाटे घालायला लावू नका. सत्तर पूर्ण झालेल्या कुणालाही उत्पन्नाची अट न लावता आयुष्मान कार्ड मिळतं, वर्षाला पाच लाखांपर्यंत दवाखान्यात भरती झाल्यावरचे उपचार, आधार कार्डावरचं वय बघतात. एसटीत ७५ च्या पुढे तिकीट फुकट, ६५ ते ७५ अर्धं. पेन्शन असेल तर नोव्हेंबरात हयातीचा दाखला लागतो, तो आता मोबाइलवरून चेहरा दाखवून पण होतो.

शरीराकडे बघा. कशी आहेस विचारलं की बरी आहे हेच उत्तर येणार, पिढीच तशी आहे, त्यामुळे विचारायचं कमी आणि बघायचं जास्त. डोळे, कान, दात, पाय हे चार. टीव्हीचा आवाज किती वाढवलाय, भाकरी खाताना कालवणात भिजवून भिजवून खातात का, सुईत दोरा कोण ओवून देतं, अंधारात उठताना भिंत धरतात का. पाय म्हणजे नखं सुद्धा. योहान १३ मध्ये प्रभूने शिष्यांचे पाय धुतले तो शास्त्रभाग मी दर वर्षी गुड फ्रायडेच्या आधी ऐकत आले आणि ऐकताना डोळ्यात पाणी यायचं, पण आईचे पाय हातात घेतले ते त्या दिवाळीत पहिल्यांदा. तिला वाकता येत नव्हतं, अंगठ्याचं नख जाड होऊन बाजूने आत वळलेलं, चप्पल का घालत नाही म्हणून आम्ही तिलाच रागवत होतो. कोमट पाण्यात पंधरा मिनिटं पाय ठेवायचे, नख मऊ होतं, मग सरळ रेषेत कापायचं, कोपरे खोल खणायचे नाहीत, नंतर पाय पुसून बोटांच्या मधे कोरडं करायचं आणि टाचांना खोबरेल. शुगर असेल तर मात्र जाड नखाला स्वतः हात लावू नका, डॉक्टरकडे न्या, तिथे छोटी जखम पण चिघळते. आई आधी पाय मागे घेत होती, अगं तू कशाला हात लावतेस पायाला म्हणत. मग गप्प बसली आणि थोड्या वेळाने तिच्या आईबद्दल बोलायला लागली, कधीच न सांगितलेलं.

फोनची वेळ ठरवून घ्या. गाडी चालवताना ट्रॅफिकमध्ये टाइमपास म्हणून केलेला फोन त्यांना लगेच कळतो. आमचं रात्री आठला असतं, मी एक शास्त्रभाग वाचते, आई प्रार्थना करते, उलटं नाही, कारण प्रार्थना करण्यात तिचा हात धरणारं कुणी नाही आमच्यात. मग दहा मिनिटं इकडचं तिकडचं. आता ऑपरेशन झालंय, तिला वाचता येतं, तरी म्हणते तूच वाच.

आणि बोलणं सांभाळा. पैसे देणारी मुलं सुद्धा इथे घसरतात. "तुम्हाला नाही कळायचं पप्पा", "मम्मी तू मधे नको बोलूस", आणि हे नातवंडांसमोर, सुनेसमोर, जावयासमोर. उत्पत्ती ९ मध्ये नोहा द्राक्षारस पिऊन उघडा पडला तेव्हा हाम बाहेर जाऊन सांगत बसला आणि शेम आणि याफेथ खांद्यावर वस्त्र घेऊन पाठमोरे चालत गेले आणि बापाला झाकलं. बाप चुकला होता, ते कुणीच नाकारत नाही. पण झाकणारे मुलगे आणि दाखवणारा मुलगा यातला फरक बायबलने लिहून ठेवलाय. आईबाबांना मोबाइल नीट येत नाही त्याचा व्हिडिओ काढून फॅमिली ग्रुपवर टाकणं हे मला आता हामचंच काम वाटतं. त्यापेक्षा त्यांना सल्ला विचारा, खरोखर लागणारा, कुठली शाळा, कुठलं घर, लोणच्याला मीठ किती, आणि दिलेला सल्ला निदान एकदा तरी पाळा.

लग्न झालेल्या बायकांसाठी एक वेगळं लिहिते. आज्ञा मुलगा बघून दिलेली नाही. माझ्या सासूबाईंचं करणं हा माझा भाग आहेच, रूथने नामीचं केलं ते सासूचंच होतं, पण माझ्या आईचं करायला मला कुणाची परवानगी लागायला नको आणि नवऱ्याने पण ते आपलं मानलं पाहिजे. प्रभूने वधस्तंभावरून, श्वास घ्यायला जड जात असताना, आईची सोय लावली, आपल्या शिष्याला, योहानाला, सांगितलं ही तुझी आई, आणि तो त्या घटकेपासून तिला आपल्या घरी घेऊन गेला. योहान तिचा पोटचा मुलगा नव्हता.

जमिनीचं आणि घराचं. आपल्याला, म्हणजे ख्रिस्ती लोकांना, १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागतो. वडील मृत्युपत्र न करता गेले तर आईचा एक तृतीयांश, उरलेल्या दोन तृतीयांशात मुलगे मुली सारखे. बहुतेक घरांत होतं काय की मुलं आपसात वाटून घेतात आणि आईकडून सही घेतात, आणि आई स्वतःच्या घरात पाहुणी होते. हे करू नका. आईचा हिस्सा तिच्या नावावर लावून द्या, तिने मागितला नाही तरी. मृत्युपत्र करायचं असेल तर दोन साक्षीदार लागतात आणि ज्याला काही मिळणार आहे त्याने साक्षीदार व्हायचं नाही, नाहीतर त्याला लिहिलेलं रद्द होतं. आणि ते त्यांना हवं तेव्हा, हवं तसं करू द्या, मागे लागू नका.

ज्यांचं घर असं नव्हतं त्यांना काय सांगायचं. दारू पिऊन मारणारा बाप, टाकून गेलेली आई. मला मैत्रिणींनी हे रडत विचारलंय. जेवढं मला वचनातून समजतं त्याप्रमाणे मान राखणं म्हणजे मार खात राहणं नाही, झालेलं खोटं ठरवणं नाही, आणि आपल्या पोरांना धोक्यात एकटं सोडणं तर नाहीच. लांब राहून पण औषधाचे पैसे पाठवता येतात, चारचौघांत शिव्या न देता गप्प राहता येतं, प्रार्थनेत नाव घेता येतं. काही दिवशी फक्त नाव घेणंच जमेल. तेवढं करा. आणि पाळकांनो, अशा माणसाला पटकन माफ करून टाक म्हणू नका, आधी पूर्ण ऐका.

जे घरात पहिलेच विश्वासात आलेत, आईवडील अजून हिंदू किंवा बौद्ध आहेत, त्यांना उलट मी म्हणेन की तुम्ही आधीपेक्षा जास्त करा. पूजेत बसता येणार नसेल तर ते सणाच्या दिवशी सगळ्यांसमोर तोंडावर सांगू नका, आठ दिवस आधी आईला एकटीला गाठून सांगा, आणि मग त्याच दिवशी पाणी भरायला, पुऱ्या लाटायला, पाहुण्यांना वाढायला सगळ्यात पुढे राहा. येशूचा झाला आणि आम्हाला विसरला असं त्यांनी म्हणायची पाळी येऊ देऊ नका.

आईवडील गेले असतील तर नीतिसूत्रे २७:१० बघा, आपल्या मित्राला आणि आपल्या बापाच्या मित्राला सोडू नको असं आहे. पप्पांचे एक मित्र आहेत, रिटायर्ड मास्तर, गावात आमच्या दोन गल्ल्या पलीकडे. आता गेले की मी तिथे जातेच, सलाम मास्तर म्हटलं की आतून खुर्ची मागवतात. मागच्या खेपेला त्यांनी सांगितलं की पप्पा चर्चच्या कॉयरमध्ये, गाणाऱ्यांच्या गटात, नवीन होते तेव्हा आवाज फसेल म्हणून घाबरायचे, आणि शनिवारी संध्याकाळी दोघं सायकलवरून कॅनॉलपर्यंत जायचे, तिथे कुणी नसतं म्हणून, आणि दुसऱ्या दिवशीची सगळी गीतं मोठ्याने म्हणून बघायचे. मास्तरांनी त्यातलं एक कडवं म्हणून दाखवलं, पप्पांच्या पट्टीत. घरी येऊन आईला सांगितलं तर तिला पण हे माहीत नव्हतं.